सस्ताईचा काळ की मंदीचा काळ?

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या पारावर जुन्या काळाच्या गोष्टी निघाल्या की एक वाक्य हमखास कानावर येते : "तवा सस्ताई होती." रुपयाला कितीतरी शेर तूप मिळे, चार आण्यांत बाजाराची थैली भरे, असे वर्णन त्यापाठोपाठ येते. ज्यांनी तो काळ डोळ्यांनी पाहिला ते आता हयात नाहीत. परंतु त्यांच्या मुलानातवंडांनी हे वाक्य मात्र जपून ठेवले आहे. ऐकणाऱ्याला वाटते, काय सुखाचे दिवस असतील ते!

या सस्ताईची वर्षे कोणती, याचा शोध घेऊ लागलो की आपण बहुधा १९३० च्या आसपास येऊन थांबतो. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात याच वर्षांना 'जागतिक महामंदी' असे नाव आहे. पुस्तकात न्यूयॉर्कचा शेअरबाजार असतो, बंद पडलेल्या बँका असतात, बेकारांच्या रांगा असतात. वऱ्हाडचे नाव त्यात नसते. त्यामुळे परीक्षेपुरते पाठ करून आपण पान उलटतो. पुस्तकातील महामंदी आणि पारावरची सस्ताई या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे आपल्याला कोणी सांगत नाही. ही मंदी आपल्या काळ्या मातीपर्यंत कोणत्या वाटेने आली, तिने शेतकऱ्याचे काय केले आणि इतके करूनही ती आपल्या आठवणीत 'सस्ताई' होऊन का राहिली, हे उलगडून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा प्रयत्न आहे.

दुष्काळ वेगळा, मंदी वेगळी

हलाखीचा काळ म्हटला की आपल्यापुढे प्रथम दुष्काळ उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला अनेक ठिकाणी 'छप्पनचा दुष्काळ' म्हणतात, त्याने आपल्या जिल्ह्याला अक्षरशः ओरबाडले. १८९६-९७ चा आणि हा, असे दोन दुष्काळ एका दशकात पडले. १९०१ च्या खानेसुमारीत त्यावेळच्या बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ती सुमारे १२ टक्क्यांनी घटलेली होती. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्यातील मिलो ज्वारी, सुकडी आणि रस्त्याच्या कामावर फोडलेली खडी यांच्या आठवणी अजून घरोघर आहेत.

दुष्काळाला चेहरा असतो. तडकलेली जमीन, आटलेली विहीर, हाडे वर आलेले जनावर, हे सारे डोळ्यांना दिसते. मंदीला असा चेहरा नसतो. दुष्काळात पीक बुडते. मंदीत पीक उभे असते आणि पिकवणारा बुडतो. कपाशी फुटलेली आहे, बैलगाड्या भरून बाजाराला चालल्या आहेत, बाजारात सगळा माल स्वस्त आहे. वरवर पाहणाऱ्याला यात संकट कुठे दिसणार? म्हणूनच दुष्काळाच्या गोष्टी झाल्या आणि मंदीची गोष्ट झाली नाही.

खामगावची पेठ आणि सातासमुद्रापलीकडचा बाजार

न्यूयॉर्कमध्ये शेअर कोसळले तर वऱ्हाडातल्या कास्तकाराचे काय बिघडले, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर आपल्या कपाशीत आहे.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. याच सुमारास आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागातून मुंबई-नागपूर रेल्वेमार्ग टाकला जात होता. १८७० साली जलंबहून खामगावला खास फाटा काढण्यात आला. जेमतेम आठ मैलांचा हा फाटा कापसासाठीच होता. त्या काळी खामगावची पेठ देशातील मोठ्या कापूस-बाजारपेठांत गणली जाई. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला परदेशी बाजारात 'ऊमरा' म्हणत. हे नाव अमरावतीवरून पडलेले. म्हणजे ज्या शेतकऱ्याने आयुष्यात आगगाडी एकदाच पाहिली असेल, त्याच्या वावरातला कापूस लिव्हरपूल आणि ओसाकाच्या व्यापाऱ्यांना नावाने ठाऊक होता!

ज्वारी घरात खाता येते, कापूस खाता येत नाही. तो विकावाच लागतो, आणि भाव ठरतो परक्या बाजारात. मुंबईचा भाव तारेने खामगावला येई, आणि मुंबईचे लक्ष लिव्हरपूल-न्यूयॉर्ककडे असे. भाव चढे तेव्हा ही साखळी वरदान वाटे. ऑक्टोबर १९२९ नंतर तीच साखळी गळ्याभोवती आवळली गेली. अमेरिकेत पत आटली, कारखाने थंडावले, कच्च्या मालाला गिऱ्हाईक उरले नाही. शेतमालाचे साठे जगभर आधीच वाढलेले होते. ते आता पडत्या भावात बाजारात आले. जुलै १९१४ ची पातळी १०० धरून कलकत्त्याच्या घाऊक किमतींचा निर्देशांक काढला जाई. तो १९२९ मध्ये १४१ होता, १९३१ मध्ये ९६ झाला आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. ही सरासरी झाली. शेतकरी जे विकत होता त्याचे भाव सरासरीहून अधिक पडले. तो जे विकत घेत होता, त्या कारखान्यातील मालाचे भाव तितके पडले नाहीत.

त्यात पारतंत्र्याची भर होती. १९२७ साली सरकारने कायदा करून एका रुपयाची किंमत १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे १८ पेन्स ठरविली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास आदी हिंदी व्यापारी-उद्योगपती १६ पेन्सचा जुना दर मागत होते. या दोन पेन्सांत काय आहे? विलायतेत १८ पेन्सांना विकलेल्या कापसाचा नव्या दराने एक रुपया येई. जुन्या दराने एक रुपया दोन आणे आले असते. परदेशात माल विकणाऱ्याच्या पदरातून रुपयामागे दोन आणे असे गळत होते. मंदीत भाव कोसळले तरी सरकारने हा दर सोडला नाही. पुढे १९३३ साली जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार टाकला, कारण जपानी कापडावर इथे जबर जकात बसली होती. आखूड धाग्याच्या आपल्या कापसाचा जपान हा फार मोठा गिऱ्हाईक. १९३४ च्या आरंभी समेट झाला खरा, पण दोन सरकारांच्या भांडणात शेतकऱ्याची बोंडे मधल्यामध्ये लोंबकळली.

एका कास्तकाराचा हिशेब

भाव निम्मे झाले तर शेतकऱ्याचे उत्पन्न निम्मे झाले, असे आपण सहज म्हणतो. पण ते तितकेच नव्हते. एक हिशेब मांडून पाहू. यातले आकडे केवळ समजण्याच्या सोयीसाठी घेतले आहेत.

समजा, एका कास्तकाराला २० मण कापूस झाला आणि भाव मणाला १० रुपये आहे. हाती आले २०० रुपये. त्यातून शेतसारा २० रुपये द्यायचा. डोक्यावर सावकाराचे २०० रुपये कर्ज आहे, त्याचे व्याज ३० रुपये. म्हणजे ५० रुपये किंवा ५ मण कापूस गेला. उरले १५० रुपये. त्यात घर, बी-बियाणे, मजुरी.

आता भाव मणाला ५ रुपये झाला. पाऊस तोच, मेहनत तीच, कापूसही २० मणच. पण हाती आले १०० रुपये. सारा मात्र २० रुपयेच आहे आणि व्याजही ३० रुपयेच. हे ५० रुपये भरायला आता ५ नव्हे, १० मण कापूस लागतो. उरले अवघे ५० रुपये. भाव निम्मा झाला, पण घरी राहिलेली रक्कम १५० वरून ५० वर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यावर आली! आणि मुद्दल? काल २०० रुपयांचे कर्ज म्हणजे एका वर्षाचे पीक होते. आज तेच कर्ज दोन वर्षांचे पीक झाले. सावकाराने वहीत एक अक्षरही वाढविले नाही, तरी कर्ज दुप्पट झाले.

सगळ्या मंदीचे मर्म माझ्या मते या हिशेबात आहे. पीक मणांत येत होते, देणे रुपयांत होते. वऱ्हाडात रयतवारी पद्धत होती. सारा रोख रकमेत आणि पुष्कळ वर्षांसाठी ठरलेला असे. सूट-तहकुबी मिळालीच तर ती सरकारच्या मर्जीने. मुळातला आकडा तोच. रुपया महाग झाला की ज्याच्याकडे रुपया आहे तो बसल्या जागी श्रीमंत होतो आणि ज्याला रुपया द्यायचा आहे तो राबता राबता भिकेला लागतो.

ज्यांच्या नावावर वावरच नव्हते त्यांचे काय? त्यांच्याजवळ गमवायला जमीन नव्हती, पण काम होते, तेच गेले. कास्तकाराने हात आखडला की तो सालदार कमी करतो, निंदण-वेचणीची मजुरी उतरवतो. बाजारात ज्वारी स्वस्त होती हे खरे. पण मजुरीच मिळाली नाही तर स्वस्त ज्वारीही महागच.

गहाणखत आणि मोडलेले सोने

मंदीच्या आधीच शेतकरी कर्जात होता. १९२९-३० मध्ये ठिकठिकाणी बँकिंग चौकशी समित्या नेमल्या गेल्या. त्यांच्या अंदाजानुसार ब्रिटिश हिंदुस्थानातील ग्रामीण कर्ज सुमारे ९०० कोटी रुपये होते. त्यांपैकी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सुमारे ३६ कोटी. हे कर्ज चढत्या भावाच्या काळात घेतलेले होते. कापसाला भाव आहे, फेडू, या भरवशावर लग्ने झाली, बैलजोड्या आल्या, विहिरी खोदल्या गेल्या. नंतर भाव गेला आणि कर्ज राहिले.

येथे सर्व दोष सावकाराच्या माथी मारणे सोपे आहे. पण पूर्ण सत्य ते नव्हे. गावचा सावकार स्वतःही मोठ्या पेढीचा देणेकरी असे. वरून तगादा आला की तो खाली तगादा लावी. जो पूर्वी "पुढच्या हंगामाला पाहू" म्हणे, तो आता "आजच मोकळे करा" म्हणू लागला. सहकारी पतपेढ्यांचीही वसुली अडकली. नवे कर्ज मिळेना आणि जुने फिटेना. मग गहाण ठेवलेली जमीन मुदतीत सुटली नाही की ती सावकाराच्या नावावर चढे. बाप ज्या वावराचा मालक होता, त्याच वावरात मुलगा बटईने राबू लागला. गावाच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. तेच बैल, तोच माणूस, तेच धुरे. बदलले फक्त पटवाऱ्याच्या कागदावरचे नाव.

जमिनीआधी घरातले सोने गेले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने आपल्या चलनाचे सोन्याशी असलेले नाते तोडले. रुपया पौंडाला बांधलेला असल्याने येथेही सोन्याचा भाव चढला. तोळ्याला २१ रुपयांच्या आसपास असलेले सोने लवकरच तिशीच्या घरात गेले. कापसाला भाव नाही आणि सोन्याला मात्र आहे, अशा स्थितीत अडलेला माणूस काय करणार? पिढ्यान्‌पिढ्या साठवलेले दागिने खेड्याखेड्यांतून निघाले, सराफाच्या मुशीत वितळले आणि मुंबईहून बोटीने विलायतेला गेले. पुढील काही वर्षांत ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. लोक भाव चढला म्हणून नफ्यासाठी विकत आहेत, असे सरकारपक्षाचे म्हणणे. हे अडचणीचे सोने आहे, असे देशातील टीकाकारांचे म्हणणे. बाईच्या गळ्यातली पोत किंवा हातातल्या पाटल्या कधी नफ्यासाठी मोडल्या जातात का, याचे उत्तर कोणत्याही घरातील आजी देऊ शकेल.

उपाय झाले, पण केव्हा?

असंतोष साचत होताच. १९३० च्या जुलैत लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला. गवत आणि सरपण यांचा तो प्रश्न ग्रामीण माणसाच्या पोटाशी भिडलेला होता. मंदीच्या दिवसांत तो अधिकच भिडला असेल.

कर्जाच्या बाबतीत मध्यप्रांत-वऱ्हाडने इतर प्रांतांच्या आधी पाऊल टाकले. १९३३ साली येथे कर्ज लवादाचा कायदा झाला. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख या सुमारास प्रांताचे मंत्री होते, आणि वऱ्हाडात या कायद्याशी त्यांचे नाव आजही जोडले जाते. कल्पना अशी की सावकार आणि कुळ दोघांना लवाद मंडळासमोर बसवायचे, झेपेल इतका कर्जाचा आकडा खाली आणायचा आणि हप्ते बांधून द्यायचे. १९३४ मध्ये सावकारीवर नियंत्रण घालणारा कायदा आला. १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा आणखी एक कायदा झाला. यामुळे अनेकांच्या जमिनी वाचल्या. परंतु त्याला मर्यादाही होत्या. जुने कर्ज कमी झाले, तशी सावकाराने नवे कर्ज देण्यातूनही अंग काढून घेतले. सावकारी आटली, पण तिच्या जागी दुसरी पत अजून उभी राहिली नव्हती. आणि १९३३ पूर्वीच ज्यांचे वावर गेले, त्यांना लवाद काय देणार?

तिकडे अमेरिकेने वेगळा उपाय केला. १९३३ साली तेथील सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे एक कोटी एकर उभ्या कपाशीत नांगर घालायला लावला, का तर उत्पादन घटावे आणि भाव चढावा. अंगावर धड कपडा नसलेली माणसे जगात असताना कापूस मातीत गाडावा लागला! मालाची टंचाई नव्हती. टंचाई होती ती घेणाऱ्याच्या हातातील पैशाची. मंदी ही अशी उफराटी असते.

मग सस्ताई कोणाची?

आता पारावरच्या त्या वाक्याकडे वळू. ते खोटे नाही, पण ते अर्धे आहे. तूप स्वस्त होते, हे घेणाऱ्याचे वाक्य झाले. ज्याने दूध तापवून, लोणी कढवून ते तूप बाजारात नेले, त्याच्या दृष्टीने ती सस्ताई नव्हती; ती लूट होती. ज्याचा पगार ठरलेला होता, अशा कारकुनाला, शिक्षकाला, पेन्शनराला तो काळ खरोखरच बरा गेला. शिकलेला वर्गही मुख्यत्वे तोच. आठवणी लिहिल्या त्याने, आणि त्याच्या तोंडचे वाक्य गावानेही उचलले. विकणाऱ्याने काही लिहिले नाही. त्याचा अंगठा मात्र कागदावर आहे.

शेतकऱ्याच्या घरातसुद्धा सस्ताईचीच आठवण राहावी, याचे नवल वाटते. पण जमीन गेल्याची गोष्ट कोणी नातवाला अभिमानाने सांगत नाही. दुष्काळ ही देवाची करणी, त्यात कमीपणा नाही. जमीन गेली तर लोक म्हणतात, बापाने उधळली, लग्नात खर्च केला, नशीब फिरले. बाजाराचा दोष माणसाच्या माथ्यावर येतो आणि घर तो निमूटपणे सोसते. मंदीचा इतिहास शिकण्याचे मला सर्वांत मोठे मोल वाटते ते येथे. ज्याला आपण आपल्या पणजोबांचा नाकर्तेपणा समजत आलो, तो कदाचित १९३१ चा भाव होता.

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९६५ पासून आधारभूत किमती ठरविण्यासाठी आयोग आहे. महाराष्ट्रात १९७२ पासून सुमारे तीस वर्षे कापूस एकाधिकार खरेदी चालली. ती का यावी लागली, हे १९३० चा हिशेब पाहिला की कळते. तरीही २००६ साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांना विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर करावी लागली, त्यांत आपला बुलढाणा होता. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असूनही बाजारात त्याखाली सोयाबीन विकले गेले, हे आपल्यापैकी अनेकांच्या घरी ठाऊक आहे. शहरात तेल-डाळ उतरली की वर्तमानपत्रात 'ग्राहकांना दिलासा' असा मथळा येतो. मथळा खरा असतो. पण त्याच दिवशी कोणाच्या तरी घरी बँकेचा हप्ता चार पोत्यांऐवजी पाच पोत्यांचा झालेला असतो.

हा इतिहास शिकायचा कसा?

या काळाची साधने दूर लंडनच्या दप्तरात आहेत, तशी आपल्या घरच्या पत्र्याच्या पेटीतही आहेत. जुनी खरेदीखते, गहाणखते, कर्जरोखे, पेरेपत्रके, फेरफाराच्या नकला आपल्या घरांत गुंडाळून ठेवलेल्या असतात. माझ्या घरात महाविद्यालयापर्यंत आलेली मी पहिली. आमच्या पेटीतल्या कागदांवर दिवाळीला हळदकुंकू वाहिले जाई, पण ते वाचणारे कोणी नव्हते. त्यांतील काही मोडीत आहेत आणि मोडी मलाही येत नाही. अशी कितीतरी घरे असतील. ज्यांनी अंगठे उठवले त्यांना त्या कागदात काय आहे हे वाचता आले नाही. आपल्याला ते वाचता येणे, हाच आपल्या शिक्षणाचा एक उपयोग नव्हे काय?

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांनी मिळून मोडीचा छोटा वर्ग काढावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील १९२५ ते १९४० या काळातील जमिनीचे कागद, घरच्यांच्या संमतीने, पाहून तीनच गोष्टी टिपाव्यात : व्यवहार कोणत्या साली झाला, किती रुपयांसाठी झाला आणि जमीन परत आली की नाही. नावे लिहिण्याची गरज नाही. मलकापूर, मोताळा, चिखली, मेहकर, खामगाव, जळगाव जामोद, जिथून जिथून आपण येतो तेथील असे शंभर कागद जरी जमले, तरी आपल्या जिल्ह्यातील मंदीचा एक नकाशा तयार होईल. तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही.

आणि असा कागद हाती येईल तेव्हा त्यावरील रकमेकडे पाहून "एवढ्याशा पैशांसाठी जमीन दिली?" असे म्हणू नये. त्या वर्षीचा कापसाचा भाव आधी शोधावा, त्या रकमेला त्याने भागावे, आणि मग पाहावे, किती मण कापसाखाली ते घर दबले होते.